पत्रिकांच्या पाठीवरचे शब्द

बाबा गेले तेव्हा तेरा दिवस घरात माणसांची ये-जा होती. त्यांतल्या बहुतेकांनी कोपऱ्यातल्या अकरा डब्यांकडे बघून विचारलं, याचं आता काय करणार. विचारताना आवाज पडलेला असायचा आणि नजर डब्यांवर. एका नातलगानं तर बोटानं वाजवून पत्रा जाड आहे का तेही पाहिलं. तुरीच्या डाळीला बरे आहेत, असं तो आईला म्हणाला.  मी फार बोलत नाही, त्यामुळे लोकांना मी शहाणी वाटते. आतून मी त्या तेरा दिवसांत एकेका माणसाला मनातून काढून टाकत होते.

डब्यांत शब्द होते. बाबांनी पिंपळगाव राजाला तीस वर्षं मराठी शिकवलं. वर्गात ते पुस्तकातली मराठी शिकवत आणि वर्गाबाहेर पडलं की इकडची बोली गोळा करत. बाजारात, एसटीत, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कुणाच्या तोंडून नवा शब्द आला की घरी येऊन तो कार्डावर उतरवायचा. एका कार्डावर एकच शब्द. त्याखाली अर्थ, तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य, आणि बोलणाऱ्याचं गाव. कार्ड म्हणजे लग्नपत्रिका. उन्हाळ्यात मास्तरांच्या घरी पत्रिकांचा ढीग पडतो. लोक त्या मसाल्याच्या डब्यांखाली घालतात किंवा चुलीत सारतात. बाबा घडीवर कात्री चालवत, गणपतीचं पान बाजूला करत आणि मजकुराच्या पानाच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं लिहीत. नवं कार्ड विकत आणलेलं मी कधी पाहिलं नाही.

मी पुण्यातल्या एका लहान कंपनीसाठी काम करते. ही कंपनी एक्सएमएल डेटाबेस बनवते. बाबांचं दुखणं सुरू झाल्यापासून मी ते काम गावातूनच करते. साधा डेटाबेस कोष्टकासारखा असतो, त्याचे रकाने आधी ठरतात. बाबांच्या कार्डांना रकाने माहीत नव्हते. एका शब्दाला तीन अर्थ, दुसऱ्याला अर्थच नाही, नुसतं वाक्य आणि पुढे 'पुन्हा विचारणे'. अशा मजकुरासाठी एक्सएमएल बरं पडतं. त्यात मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला खूण असते, खुणेच्या पोटात आणखी खूण असू शकते, आणि एखादी नसली तरी काही अडत नाही. माझ्या नोकरीची विद्या बाबांच्या कामी यावी असा योग त्यांच्या हयातीत आला नाही, कारण मी तो आणला नाही.

शहरातली एक संस्था बोलींचा कोश चालवते. तो कुणालाही घरबसल्या उघडून बघता येतो. बाबांनी त्यांना दोनदा पत्र लिहिलं होतं. मी त्यांना तिसरं लिहिलं. उत्तर आलं की संग्रह घेता येईल, मात्र दिवाळीच्या आत, कारण त्यानंतर नवे संग्रह घेणं बंद होणार आहे. आणि एक अट होती. त्यांचा प्रोग्राम जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला आहे आणि तो बाहेरच्या एक्सएमएल डेटाबेसशी फक्त एका प्रमाण इंटरफेसमधून, म्हणजे सगळ्यांसाठी सारख्याच ठरवलेल्या दारातून, बोलतो. आमच्या कंपनीच्या डेटाबेसला तो इंटरफेस नव्हता. मला एवढंच हवं होतं की कुणीतरी, कुठेतरी बसून 'कुटार', म्हणजे गुरांना घालायचा भुसा, असं टाइप करावं आणि बाबांचं वाक्य समोर यावं. तसं झालं नाही तर ते शब्द अकरा डब्यांत राहणार होते, आणि डब्यांवर डाळीचा डोळा होताच.

कार्डं मी संस्थेला लिहिण्याआधीच खामगावला टायपिंगला दिली होती. स्वतः टाइप करायला हवी होती. पण बाबांचं अक्षर बघवत नव्हतं, म्हणून डबे न उघडता दिले. दुकान एका बाईंचं होतं. त्यांचा मुख्य धंदा लग्नपत्रिका आणि अर्ज. महिन्याभरानं डबे परत आले, सोबत फाइल आली, ती उघडून मी तशीच त्यांच्या दुकानात गेले. बाईंनी प्रत्येक नोंदीत आधी पत्रिका उतरवली होती: चिरंजीव, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, मुहूर्त, स्थळ, निमंत्रक, आणि खाली 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' इथपर्यंत. बाबांचा शब्द सगळ्यात शेवटी होता, 'टीप' म्हणून.

मागची बाजू कुणी सांगितली होती, असं मी विचारलं.

"मागची कोणती, ताई? मले तं तेच म्होरची वाटली. नाव, गाव, मुहूर्त, समदं छापील. पेन्सिलीचं म्या टीप म्हणून खाली टाकलं."

मी म्हटलं, काम पेन्सिलीचंच होतं.

"पत्रिकेतलं एक नाव सुटलं तं लोक दुकानात येऊन भांडतेत. शब्दासाठी भांडाले आजलोक कोणी नाई आलं."

हे वाक्य मी तेव्हा अडाणीपणाचा नमुना म्हणून लक्षात ठेवलं. घरी येऊन मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यानं शब्द वर आणले आणि पत्रिकेचा सगळा मजकूर एका वेगळ्या खुणेत नेऊन टाकला. त्या खुणेचं नाव मी 'कचरा' ठेवलं. पुसूनच टाकणार होते. राहून गेलं.

मग इंटरफेसचं काम घेतलं. कंपनीतल्या वरिष्ठांना विचारलं तेव्हा ते हसले. ते प्रमाण आता कुणी वापरत नाही, म्हणाले, त्यासाठी एकही गिऱ्हाईक येणार नाही, हौस असेल तर घरच्या वेळात कर. वरिष्ठ म्हणजे आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत जगलेला माणूस. त्यांचं म्हणणं मात्र खरं होतं. कोणत्याही जावा प्रोग्रामला कोणत्याही कंपनीच्या एक्सएमएल डेटाबेसला एकाच पद्धतीनं प्रश्न विचारता यावेत, म्हणून काही कंपन्यांच्या माणसांनी पूर्वी एकत्र बसून हे प्रमाण ठरवलं होतं. ठरवून झाल्यावर ते उठून गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. संस्थेच्या कुणीतरी त्या काळात ते आपल्या नियमावलीत घातलं, आणि नियमावलीतून काही काढायचं धाडस तिथल्या कुणात नसावं.

प्रमाण म्हणजे नुसती नावं. जोडणी अशी मागावी, प्रश्न असा द्यावा, उत्तरांतलं पुढचं असं घ्यावं. नावांच्या आत काही नसतं, आतलं ज्याचं त्यानं लिहायचं. मला त्यातली पाचसहा नावं लागणार होती. पण प्रमाण अर्धं पाळता येत नाही, म्हणून शेकडो लिहावी लागली. तारखांचे प्रकार, कालावधींचे प्रकार, दशांशांचे प्रकार, जगातल्या प्रत्येक दुकानदाराला पडू शकेल असा प्रत्येक प्रश्न. एखाद्या म्हातारीला एखादा शब्द आठवत नाही, हा प्रश्न त्या मंडळींना सुचलेला दिसला नाही. जिथे काही करणं जमणार नाही तिथे 'याची सोय नाही' असं उत्तर द्यायची मुभा होती. कचेरीच्या खिडकीवर पाटी लावतात तशी. मी त्या पाट्या भराभर लावल्या. एक नियम असा होता की उत्तरांची रांग फक्त पुढे सरकते आणि तिच्यातला प्रत्येक जिन्नस एकदाच वाचता येतो, दुसऱ्यांदा मागितला तर तो गुन्हा. त्यात मेमरी वाचते हे मलाही कळतं. पण ते सांगण्याची त्यांची ढब रेशन दुकानदाराची होती.

बाबांच्या टेबलावर मी रोज सकाळी बसायचे. आई दारातून बघायची. एकदा म्हणाली, "काय करून राह्यली व माय दिवसभर?" मी सांगितलं, बाबांचे शब्द लोकांना विचारता यावेत म्हणून सोय करतेय. "मंग मले इचार नं," आई म्हणाली, "अर्धे तं मीच सांगतले त्याईले." हे खरं असेल असं तेव्हा मला वाटलं नाही. मी पुन्हा पडद्याकडे वळले.

दिवाळी दीड महिन्यावर आली तेव्हा इंटरफेस चालू लागला. चाचणीसाठी मी सगळी कार्डं डब्यांच्या क्रमानं मागवायचं ठरवलं. पडद्यावर ओळ लहान राहावी म्हणून प्रत्येक कार्डातून फक्त एक गोष्ट मागितली, कचऱ्यातली मुहूर्ताची वेळ. एवीतेवी ती टाकायचीच होती, चाचणीला कचरा बरा. वेळा येऊ लागल्या. सकाळी अकरा वाजून सत्तावीस मिनिटे. दुपारी बारा पाच. गोरज मुहूर्त, सहा एकावन्न. अशा वेगवेगळ्या आल्या, पाचवा डबा लागला, आणि मग एकच वेळ येत राहिली. सायंकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटे. सहा बेचाळीस. सहा बेचाळीस.

मी ओळखलं की रांग अडकली. प्रोग्राम 'पुढे चल' म्हणतो, माझा कोड 'चाललो' म्हणतो आणि जागेवरच उभा राहतो. अशी चूक नवखी मुलं करतात. मी ती केली याचा मला इतका राग आला की दीडदोनशे ओळी झाल्या की मी प्रोग्राम बंद करत होते आणि पुन्हा कोड वाचत होते. तीन दिवस मी बरोबर असलेला कोड दुरुस्त करत राहिले. दुरुस्त्या केल्या, काढल्या, पुन्हा केल्या. प्रमाण लिहिणाऱ्यांना शिव्या दिल्या. आमच्याकडे एका दिवशी एकाच मुहूर्तावर दहा लग्नं लागतात हे मला माहीत होतं. तरी दोनशे कशी लागतील?

चौथ्या दिवशी वेळेच्या शेजारी कार्डाचा अनुक्रमांक मागवला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. अनुक्रमांक एकेकानं वाढत होते. रांग अडकली नव्हती. मग मी एक कार्ड पूर्ण मागवलं. वधूच्या जागी माझं नाव होतं.

मी सत्तावीस वर्षांची असताना माझं लग्न ठरलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला होता. पत्रिका पाचशे छापल्या. पहिली देवापुढे ठेवली, साठ वाटून झाल्या, आणि त्यांच्याकडून निरोप आला की पुढे जायचं नाही. कारण सांगितलं ते सांगण्याच्या लायकीचं नव्हतं. खरं काय असेल ते मला माहीत आहे असं वाटत आलं. साखरपुड्यात बाबा चार शब्द बोलायला उभे राहिले होते. वर्गातली मराठी सोडून ते घरच्या बोलीत बोलले, कारण आनंदात होते. मुलाकडची माणसं एकमेकांकडे बघून हसली. मुलगा माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. या एका हसण्याचा मला जो तिटकारा आहे, त्याच्यापुढे डबा वाजवणारा नातलग काहीच नाही.

लग्नाची तारीख मला आठवत होती. मुहूर्ताची मिनिटं मी कधीच पाहिली नव्हती. ते बाबांचं खातं होतं. ज्या साठ घरी पत्रिका गेली होती त्या प्रत्येक घरी लग्न मोडल्याचं सांगायला ते स्वतः गेले, एसटीनं, एकेका गावाला. मी तेव्हा पुण्याला निघून गेले होते. उरलेल्या चारशे एकोणचाळीस पत्रिकांचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. जाळल्या असतील असं धरून चालले होते.

मी डबा उतरवला आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचं अक्षर वाचलं. गठ्ठ्यातली पहिली कार्डं त्या साठ घरांचीच होती. दुःखाची बातमी सांगायला गेलेला माणूस खिशात पेन्सिल घेऊन गेला होता. वरवट बकालच्या एका शेतकरी बाईचं कार्ड होतं, शब्द 'बयाड', अर्थ 'वेडा', आणि वाक्य: 'पोरगी बयाड नाई गुरजी, पोरगाच बयाड हाये.' पुढचं एका म्हाताऱ्याचं, शब्द 'उलंगवाडी', कापसाचा हंगाम संपून वावर मोकळं होणं. वाक्य: 'झाली तं झाली उलंगवाडी, वावर तं आपलंच हाये नं.' काही कार्डांवर गावाच्या जागी नुसतं 'घर' होतं. ती आईची वाक्यं होती. आई म्हणाली होती ते खरं होतं, फक्त अर्धे नव्हते, पण पुष्कळ होते. साठ घरं संपल्यावरही गठ्ठा उरला होता, तो बाबांनी पुढची चारपाच वर्षं वापरला. त्यांची सगळ्यात चांगली कार्डं त्यात आहेत. शब्द जास्त नेमके आहेत आणि अर्थ लहान झाले आहेत.

चार दिवसांनी संस्थेच्या तज्ज्ञांशी पडद्यावर बैठक झाली. त्यांच्या माणसानं तांत्रिक चाचणी आधीच करून ठेवली होती. इंटरफेस प्रमाणाला धरून आहे, अभिनंदन मॅडम, असं तज्ज्ञ म्हणाले. एकही शब्द त्यांनी शोधून पाहिला नाही. मी पाच महिने जे दार बसवलं होतं त्याची त्यांनी कडी वाजवली आणि समाधानी झाले. मग म्हणाले, शब्द कोणत्या काळातले आहेत याचा पुरावा काय? बोली गोड असते, पण तारीख नसेल तर ती आमच्या दृष्टीनं आठवण असते, नोंद नव्हे. असं बोलताना ते किंचित हसत होते. तशा हसण्याची मला ओळख आहे.

बाबांनी कार्डांवर तारखा घातल्या नव्हत्या. त्यांना वाटायचं शब्दाला वय नसतं. मी काही बोलायच्या आत तज्ज्ञांनीच विचारलं, हा 'कचरा' नावाचा भाग काय आहे? मला सांगावं लागलं. ते खुर्चीत पुढे झाले. पत्रिकेवर तारीख आहे म्हणजे त्या कार्डावरचा शब्द त्या लग्नाच्या आधी लिहिलेला असू शकत नाही, आणि गठ्ठे क्रमानं आहेत, म्हणजे काळ मिळतो. खामगावच्या बाईंनी चुकून जे करून ठेवलं होतं ते या माणसाला पाच मिनिटांत कळलं आणि मला पाच महिन्यांत कळलं नव्हतं.

पण पत्रिका छापील आहेत तशाच द्याव्या लागतील, ते म्हणाले, वाचकाला शब्दाबरोबर दिसतील अशा. नावं झाकलेली किंवा निवडून दिलेली चालणार नाहीत. निवडलेला पुरावा हा पुरावा नसतो. पत्रिका नसलेलं कार्ड गळेल. आठ दिवसांत कळवा.

ते बरोबर बोलत होते, आणि त्यामुळेच मला ते जास्त नकोसे झाले.

गावापासून लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही, गावाला सगळं पाठ आहे. प्रश्न माझ्या दुसऱ्या जगाचा होता. कंपनीतली पोरं, ते वरिष्ठ, पुण्यातले ओळखीचे, कुणीही 'बयाड' शोधलं की माझं नाव, त्याचं नाव आणि सहा बेचाळीस. तेही चारशे एकोणचाळीस वेळा. ती कार्डं वगळली तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. बाकीची अडीच हजार कार्डं कोशात गेली असती आणि बाबांचं नाव झालं असतं. सहा दिवस मी हा हिशेब करत होते. इतकी वर्षं ज्यांना मी क्षुद्र समजत आले त्या सगळ्यांपेक्षा तो हिशेब क्षुद्र होता, हे करतानाही कळत होतं, आणि तरी मी तो करत होते.

सातव्या दिवशी आई सांबार निवडत बसली होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तेही कार्ड आहे. मी तिला गठ्ठा दाखवला. तिला नवल वाटलं नाही.

"हाव, मीच देल्ली होती त्याईले कातर. म्हटलं, एवढा चांगला कागद."

मी संस्थेची अट सांगितली. माझं नाव सगळ्यांना दिसेल, म्हटलं. आईनं एक काडी मोडून टाकली.

"जाळाच्या असत्या तं आम्हीच नसत्या जाळल्या काय? पत्रिका वाटासाठीच छापली होती नं? तुह्या बाबाच्यानं साठच झाल्या. बाकीच्या तू वाट."

मग तिनं जुडी उचलली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसले. छापील मजकुराला हात लावायचा नाही अशी अट होती, खाली संग्राहकाची टीप जोडायला मनाई नव्हती. टीप लिहायला मला दुपार झाली. पहिल्या खर्ड्यात मी कारणं दिली होती, दुसऱ्यात त्या मुलाकडच्यांना दोन शब्द सुनावले होते, तिसऱ्यात बाबांचा गौरव होता. ते सगळं खोडलं. उरलं ते असं: 'हे लग्न झालं नाही. या पत्रिकेवरचा शब्द त्यानंतर टिपलेला आहे. वधू संग्राहकाची मुलगी.' ती टीप मी चारशे एकोणचाळीस कार्डांना जोडली आणि अकराही डब्यांतला मजकूर, एकही कार्ड न वगळता, संस्थेला पाठवून दिला.